एकतीस घरांची सोडत

चूक माझी होती. ती माझ्याकडून कुणी करून घेतली नव्हती, वरून दबाव नव्हता, घाईसुद्धा नव्हती. उलट ती करताना मला स्वतःचा अभिमान वाटत होता आणि तो पुढे कित्येक महिने टिकला. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण नोकरीच्या आठवणी वाचणारा माणूस धरूनच चालतो की शेवटी लिहिणाराच शहाणा ठरणार. इथे तसं होणार नाही.

मी तलाठी. आता पदाचं नाव बदललंय, पण लोक अजून तलाठीभाऊच म्हणतात. सगळी नोकरी जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत झाली. बाहेरच्यांना तलाठी म्हणजे सातबारा देणारा माणूस. खरं तर आमचं काम बघणं आणि लिहिणं. गारपीट झाली, जाऊन बघा आणि लिहा. विहीर ढासळली, बघा आणि लिहा. माणूस गेला, वारस कोण ते विचारा आणि लिहा. आपल्या मनाचं काही घालायचं नाही. चार पंचांसमोर जे दिसतं तेवढंच कागदावर यायला हवं, आणि ते मला चांगलं जमायचं, असं माझे साहेबही म्हणत.

पिंपरी पेंढारला दोन सख्ख्या भावांचा बांधावरून वाद होता. दरवर्षी नांगरट झाली की बांध हातभर धाकट्याच्या रानात सरकलेला. थोरला मला सरळ चेहऱ्यानं म्हणाला, "भाऊ, म्या हात न्हाई लावला. पावसानं सरकलाय." पाऊस दरवर्षी एकाच बाजूला कसा सरकवतो, असं विचारलं तर म्हणाला, "आमच्याकडचा पाऊस तसलाच हाय." मी मोजणीवाल्यांना बोलावलं आणि त्या दिवशी निम्मा गाव बांधावर उभा केला. सगळ्यांदेखत टेप पडला, सगळ्यांदेखत दगड रोवला. त्यानंतर दोघेही गप्प. त्यातून मी एक शिकलो, की गोष्ट सगळ्यांदेखत आणि सगळ्यांना सारखी केली, की तक्रार उरत नाही. हे मी जरा जास्तच पक्कं शिकलो.

काही वर्षांपूर्वी आंबेगावच्या पश्चिमेला एका वाडीवर सकाळच्या वेळी डोंगर कोसळून आला. वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जी माणसं वाचली, त्यांना त्या नावानं ओळखलं जाणं आता नको झालंय.

वाचलेल्यांना खालच्या गावातल्या शाळेत आणलं होतं. रेशनकार्डावरून तयार केलेली यादी वाचायचं काम माझ्याकडं आलं. नाव घ्यायचं, समोरच्यानं हाय म्हणायचं, मी खूण करायची. पहिलं कुटुंब सात जणांचं होतं. मी सात नावं वाचली. कुणीच काही बोललं नाही. मला वाटलं, पावसात आवाज पोचला नाही, म्हणून मी तीच सात नावं पुन्हा मोठ्यानं वाचली. त्या दुसऱ्या वाचनाची मला आजही लाज वाटते. दुसऱ्या घरातही कुणी उत्तर दिलं नाही. इतक्या वर्षांत किती मृत्यू नोंदवले असतील, पण उत्तर न आलेलं नाव कसं ऐकू येतं, हे मला माहीत नव्हतं.

तिसऱ्या घराचं पहिलं नाव वाचलं आणि कोपऱ्यातून एक बाई म्हणाली, "न्हाई." पुढचं नाव घेतलं. "न्हाई." मला वाटलं तिचंच घर असेल. तिचं नव्हतं. ज्या घरातलं कुणीच उरलं नव्हतं, त्या प्रत्येक घराच्या प्रत्येक नावाला ती उत्तर देत गेली. मग तिचं स्वतःचं घर आलं. नवरा, सासू, दोन मुली. चार वेळा तसंच, त्याच आवाजात. पाचवं नाव तिचं होतं, कमल. तिथं मात्र ती थांबली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "हाये."

बहीण बाळंत झाली म्हणून ती आदल्या दिवशी कळंबला गेली होती, म्हणून वाचली.

पुढं ही माणसं पत्र्याच्या निवाऱ्यात राहायला आली. एक लांबलचक शेड, मध्ये पत्र्याच्या आडभिंती, प्रत्येक कुटुंबाला एक खोली. आठ जणांच्या घरातला एकटा उरला असला तरी त्याला एक खोली. सात नंबरला कमलताई, आठ नंबरला भिवानाना. नाना धनगर, सत्तरीचे. वाडीतल्या बाकी धनगरांनी मेंढरं केव्हाच मोडून शेती धरली होती, नानांनी वीसेक राखली होती. त्या दिवशी ती घेऊन ते समोरच्या डोंगराच्या सोंडेवर चारायला गेले होते. त्यांनी तिथून सगळं बघितलं. बायको, मुलगा आणि सून घरात होती.

जुन्या वाडीत कमलताईंसारख्या बौद्धांची घरं एका टोकाला आणि धनगरांची दुसऱ्या टोकाला होती. भांडण कधी नव्हतं, पण येणंजाणं कामापुरतं. शेडमध्ये ही टोकं राहिली नाहीत. जो जसा आला तसा खोलीत शिरला.

एकदा दुपारी मी सतरंज्या घेऊन गेलो असताना पाऊस सुरू झाला. पत्र्यावर पाऊस पडला की बोललेलं ऐकू येत नाही, हे आपल्याला माहीत असतं. त्या माणसांना त्या आवाजात काय ऐकू येत होतं, ते मी त्यांच्या तोंडाकडं बघून समजलो. चुलीवरची भाकरी तव्यावर तशीच करपत होती आणि कुणी हलत नव्हतं. मग कमलताईंनी आडभिंतीच्या पत्र्यावर बोटाच्या पेरानं दोनदा ठोकलं. पलीकडून नानांनी दोनदा ठोकलं. नानांनी त्यांच्या पलीकडच्या पत्र्यावर ठोकलं, आणि ते ठोकणं खोलीखोलीतून शेडच्या टोकापर्यंत गेलं आणि परत आलं.

मी विचारलं, हे काय करता?

"काय न्हाई भाऊ. पलीकडं माणूस हाय का बघतो."

पुण्याहून समुपदेशनाच्या एक मॅडम यायच्या, तरुण, समजूतदार. त्यांच्याकडं प्रश्नांचा छापील कागद असायचा. त्यांनी नानांना विचारलं, झोप कशी लागते? नाना म्हणाले, "ते माझ्यापरीस ह्या पत्र्याला इचारा." सगळी शेड हसली. दोन महिन्यांत मी तिथं ऐकलेलं ते पहिलं हसू.

हळूहळू त्या पत्र्याच्या दोन्ही बाजूंना काहीतरी होत होतं. बाकीच्या विकल्यावर नानांच्या चार मेंढ्या उरल्या होत्या, त्या कमलताई चारायला नेऊ लागल्या, कारण नानांना डोंगराकडं तोंड करून बसवत नव्हतं. बदल्यात म्हणा किंवा कसंही, कमलताई नानांना सही शिकवायला बसल्या. बायकोच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी अंगठा द्यायला नानांनी नकार दिला होता. म्हणाले होते, तिच्या कागदावर माझं नाव पाहिजे. सातवी शिकलेल्या कमलताईंनी त्यांच्याकडून पाटीवर चाळीस दिवस गिरवून घेतलं. त्या सहीचा साक्षीदार मी आहे. 'भिवा'मधला 'भ' लिहायला त्यांना जवळजवळ मिनिट लागलं, आणि मागे रांगेतल्या कुणीही घाई केली नाही.

पाटी बघून आणखी बायका यायला लागल्या. मग अर्ज भरून देणं, तालुक्याला सोबत जाणं, साहेबांसमोर उभं राहून बोलणं. ज्या बाईच्या तोंडून मी फक्त "न्हाई" ऐकलं होतं, ती आता मला हटकायला लागली. "भाऊ, हा कागद तुमी चौथ्यांदा मागताय. मागले तीन काय मांडव घालायला ठेवलेत का?" मी मनातून खूश व्हायचो. त्यात आपलाही काही हात आहे असं मला वाटायचं. तो नव्हता.

पक्की घरं बांधून झाली, एकतीस. आमच्या वाडीबरोबर धोक्यातल्या आणखी दोन वाड्या तिथं येणार होत्या. वाटपाची वेळ आली तशी एकदोन वजनदार माणसं मला बाजूला घेऊन सांगून गेली, की 'त्यांची' रांग वेगळी टाका, पुढं कटकट नको. मला संताप आला. मी साहेबांना सुचवलं, सोडत काढू. आदेशावर सही साहेबांची, पण कल्पना माझी आणि चिठ्ठ्या माझ्या अक्षरातल्या. कुणाची रांग नको, कुणाचं टोक नको, ज्याचं त्यानं उचलावं. मला वाटलं, मी मोठंच काम करतोय.

आदल्या दिवशी कमलताई आणि नाना माझ्याकडं आले होते. कमलताई म्हणाल्या, "सोडत काढा, आमची ना न्हाई. आमचा पत्रा तेवढा एक ठेवा."

त्यांना शेजारशेजारची दोन घरं हवी होती. कुठलीही, अगदी नाल्याकडची चालली असती. मी म्हणालो, आज तुम्हाला दिली तर उद्या सगळेच मागतील. निघताना नानांनी मला रामराम घातला, तोही नेहमीसारखा.

दुसऱ्या दिवशी स्टीलच्या डब्यातून कमलताईंनी तीन नंबर उचलला आणि नानांनी एकोणतीस. मध्ये दोन रस्ते. अठ्ठावीस नंबरची बाई तिथल्या तिथं उठून म्हणाली की मी कमलताईंशी अदलाबदल करते, मला फरक पडत नाही. मी माइकवरून सांगितलं, अदलाबदल झाली तर सोडतीला अर्थ राहत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काहींनी तरी वाजवल्या.

सहा महिन्यांनी मी ताब्याची पाहणी करायला गेलो. दार वाजवायचं, कोण राहतं ते लिहायचं. पहिल्याच रांगेत मी चक्रावलो. कागदावर एक नाव, घरात दुसराच माणूस. एकतीसपैकी अकरा घरं लोकांनी गुपचूप बदलून घेतली होती. शेडमध्ये जे पत्र्याला पत्रा लावून राहत होते, ते पुन्हा एकमेकांशेजारी जाऊन बसले होते. वेगवेगळ्या टोकांचे, वेगवेगळ्या जातींचे. जे घडवून आणल्याबद्दल मला अभिमान वाटत होता, ते त्यांनी माझ्याआधी आणि माझ्याशिवाय करून ठेवलं होतं. हे मला तेव्हा दिसलं नाही. मला माझी सोडत मोडलेली दिसली. मी जे पाहिलं ते लिहिलं. त्या अहवालावरून नोटिसा निघाल्या, की पंधरा दिवसांत ज्यानं त्यानं आपल्या नावाच्या घरात जावं.

कमलताई नोटीस घेऊन ऑफिसात आल्या. म्हणाल्या, कागद तुमच्या सोडतीपरमानं राहू द्या, आमी नुसतं राहतोय. समोर दहा माणसं होती. मी म्हणालो, "ताई, हे तुमच्या जुन्या वाडीसारखं चालणार नाही."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग नोटिशीची घडी घातली आणि त्या गेल्या. मी पुढच्या माणसाचा अर्ज घेतला.

कमलताईंच्या शेजारच्या चार नंबरातून नाना एकोणतीस नंबरला परत गेले. घरं हवेशीर असावीत म्हणून मध्ये दहादहा फूट जागा सोडलेली. शेजारी दुसऱ्या वाडीचे, बिचारे स्वतःच बावरलेले. श्रावणात एका दुपारी मोठा पाऊस झाला. तो ओसरल्यावर कमलताई डबा घेऊन गेल्या तर नानांचं दार सताड उघडं आणि आत कुणी नाही. संध्याकाळपर्यंत सगळी वसाहत शोधत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीच्या एका कंडक्टरनं सांगितलं, असा असा म्हातारा जुन्या वाडीच्या बाजूला उतरला.

कमलताईंना घेऊन मी जीपनं गेलो. गाडी जिथवर जाते तिथून पाऊण तास चालायचं होतं. डोंगराची ती लाल जखम आता गवतानं भरत आली होती. तिच्या खाली, जिथं वाडी गाडली गेली, तिथं नाना एका दगडावर बसले होते. घोंगडी पाणी पिऊन जड झालेली, ओठ काळेनिळे.

मी पुढं झालो आणि म्हणालो, नाना, इथं का आलात? इथं कोण आहे तुमचं?

ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, "हितं समदी वळखीची हायेत."

कमलताईंनी त्यांची ओली घोंगडी काढली, आपल्या पदरानं त्यांचं डोकं पुसलं आणि म्हणाल्या, "चला. म्या न्हाई का वळखीची?" तेव्हा कुठं ते उठले.

मंचरच्या दवाखान्यात नाना बारा दिवस होते. तिसऱ्या दिवसापर्यंत डॉक्टर काही सांगायला तयार नव्हते. बाकावर कमलताई बसलेल्या असायच्या. मी जायचो, उभा राहायचो, परत यायचो.

त्याच आठवड्यात मी वाटपाची सगळी फाइल काढून पहिल्यापासून वाचली. आत समुपदेशनाच्या मॅडमचा दीड पानांचा अहवाल होता, वर आवक नंबर माझ्या हातचा. त्यात लिहिलं होतं, की या माणसांना सावरणारी सर्वात मोठी गोष्ट म्हणजे शेडमधला त्यांचा शेजार आहे, घरं देताना तो कृपया तोडू नये. मी त्यावर नंबर टाकला होता, वाचला नव्हता. आणि वाटपाच्या आदेशात, दुसऱ्या पानावर, एक ओळ होती, की दोन्ही लाभार्थ्यांची लेखी संमती असल्यास घरांची अदलाबदल करता येईल. मी ती तीन वेळा वाचली. मनाई नव्हतीच. माइकवरून सांगितलेला नियम माझ्या डोक्यातला होता. पिंपरी पेंढारच्या बांधावरून मी तो इथं आणला होता. पण बांध आणि शेजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अकरा घरांचे संमतीचे अर्ज मी स्वतः लिहून घेतले, स्वतः नेऊन दिले. पाच दिवसांत मंजुरी आली. नाना दवाखान्यातून थेट चार नंबरला आले, कमलताईंच्या शेजारी. तिथल्या माणसांनी दोन्ही घरांच्या मधल्या दहा फुटांवर एक छप्पर टाकून घेतलं, खाली मेंढ्या बांधल्या. मी त्याचा अहवाल दिला नाही.

पण मी माफी मागितली नाही. काम करून दिलं म्हणजे झालं, असं धरलं. तिकडं गेलो की कमलताई चहा द्यायच्या, नाना तब्येत विचारायचे. मी बशीतला चहा प्यायचो आणि इकडचं तिकडचं बोलून निघायचो. दीड वर्ष.

मग माझा धाकटा भाऊ गेला. पिंपळवंडीला आमची विहीर आहे. मोटारीच्या स्टार्टरमध्ये करंट उतरला होता. सकाळी नऊ वाजता, मी घरात चहा पीत असताना. दुसऱ्यांच्या घरी कितीतरी वेळा याच गोष्टीचा पंचनामा मी केला होता, पण विहिरीकडं धावताना मला काहीच आठवत नव्हतं. फ्यूज काढायचा असतो हेसुद्धा दुसऱ्या कुणीतरी सांगितलं.

भावजय वंदना भिंतीला टेकून बसली ती बसलीच. रडेना, बोलेना, पाणी घेईना. येणारी प्रत्येक बाई तिच्या गळ्यात पडून रडायची, आणि वंदना तिच्या खांद्यावरून समोर बघत राहायची.

तिसऱ्या दिवशी दारात कमलताई आणि भिवानाना उभे. दोन एसटी बदलून आलेले. मी कळवलं नव्हतं, ऑफिसातून त्यांना समजलं. नाना बाहेर पुरुषांत बसले. कमलताई आत गेल्या आणि वंदनाच्या शेजारी, तशीच भिंतीला पाठ लावून, खांद्याला खांदा लागेल अशा बसल्या. दुपार तशीच गेली. चारच्या सुमारास वंदनानं विचारलं, तुमचं कोण गेलंय? कमलताईंनी चार नावं सांगितली. मग वंदना रडली.

आमच्या चुलत्यांनी मला विचारलं, या बाई कोण? मी म्हणालो, कामातल्या ओळखीच्या आहेत. म्हणालो, आणि मला माझंच तोंड बघवेना.

त्या पुढं दर गुरुवारी येत राहिल्या. वंदना जेवायला लागली, शेतात जायला लागली. एका गुरुवारी मी त्यांना विचारलं, इतक्या लांब तुम्हाला त्रास होत नाही का? तर म्हणाल्या, "लई व्हतो. पण मला बसता येतं भाऊ. समद्यांना न्हाई येत. ते मला त्या पत्र्यानं शिकवलं, मग ते मी काय माझ्यापाशीच ठेवू?"

भावाच्या वर्षश्राद्धाला सगळी भावकी जमली होती. जेवणं उरकून माणसं ओट्यावर आणि अंगणात बसली होती. कमलताई आणि नाना निघायच्या तयारीत होते. मी अंगणाच्या मधोमध जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो की मागं मी यांना कामातल्या ओळखीच्या म्हणालो होतो, ते खरं नाही. मग सोडत, नोटिसा आणि मी न वाचलेले दोन कागद, हे सगळं मी सांगितलं. चुलते इकडंतिकडं बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, जाऊ द्या ना दादा, आज कशाला. मी थांबलो नाही, पण माझा आवाज खाली गेला होता. नानांनी कमलताईंना विचारलं, "काय म्हनतोय त्यो?"

"त्यांनाच सांगू द्या," कमलताई म्हणाल्या.

मी नानांच्या समोर जमिनीवर बसलो आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं पुन्हा सांगितलं, "नाना, ताई, तुम्ही माझ्याकडं एकच गोष्ट मागितली होती. ती देणं माझ्या हातात होतं आणि मी दिली नाही. वर दहा माणसांसमोर तुमच्या वाडीवरून बोललो. माझं चुकलं. मला माफ करा."